मोल्डिंगमधून काढलेली नायलॉनची क्लिप लगेच तुटते, तीच आठ दिवसांनी का तुटत नाही?

प्लास्टिकचा कच्चा दाणा विकणाऱ्याशी भांडण्याआधी चार क्लिपा तासभर पाण्यात उकळा, गार होऊ द्या आणि मग वाकवून बघा. बहुतेक तुटणार नाहीत. भोसरीत मोल्डिंगवर लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मीही अशीच एक अख्खी बॅच रिजेक्टमध्ये टाकली होती. अजून हळहळ वाटते, कारण तो माल चांगला होता.

नायलॉन पाणी पितं. साच्यातून निघालेला तुकडा अगदी कोरडा असतो. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून तो कडक आणि ठिसूळ. हवेतला ओलावा आत शिरला की ही पकड सैल होते आणि तुकडा चिवट होतो. तुमचे आठ दिवस म्हणजे हेच. नायलॉन ६ साधारण दमट हवेत वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी घेतं, म्हणून मी घड्याळापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवतो: ४० ग्रॅमचा तुकडा ४१ ग्रॅम भरला की झालं. मग दोन दिवस पिशवीत बंद करून ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. केबल टाय उघड्यावर कोरडे पडले की पटापट तुटतात, त्याचंही कारण हेच.

पण हेच पाणी दाण्यासोबत बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या दाणा वितळवणाऱ्या नळीत, गेलं तर घात करतं. २४०-२५० अंशांवर ते साखळ्याच तोडतं. नोझल, म्हणजे बॅरलचं तोंड, गळायला लागतं, तुकड्यावर चंदेरी रेघा येतात. म्हणून दाणा ८० अंशांवर किमान चार तास सुकवायचा. उघड्या गोणीतला असेल तर त्याहून जास्त. पावसाळ्यात साध्या गरम हवेच्या ड्रायरवर माझा भरवसा नाही. बाहेरची दमट हवाच तो गरम करून आत सोडतो. डीह्युमिडिफायर असलेला, म्हणजे हवेतली ओल आधी काढून टाकणारा घ्या. पीपी, एचडीपीई अशा प्लास्टिकवर काम केलेल्यांना ही सवय नसते, कारण ते पाणी जवळजवळ घेतच नाहीत.

उकळल्यावरही क्लिप कटकन तुटली, तर आधी ड्रायर तपासा. साखळ्या तुटल्या असतील तर त्या पुन्हा जुळत नाहीत, म्हणून तसले तुकडे आणि रनर (साच्याच्या वाटांत उरलेलं प्लास्टिक) ग्राइंडरमध्ये घालून चांगल्या दाण्यात मिसळू नका.

आणि क्लिपचं माप ओल मुरल्यावरच घ्या, नायलॉन फुगतं.