चौकशीच्या फेऱ्यातील कंपनीचे शेअर: ठेवावेत, विकावेत की वाढवावेत?

रावेर तालुक्यातून आलेल्या आपल्या पत्राचा आशय आधी थोडक्यात देतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. एका बहुराष्ट्रीय औद्योगिक समूहाच्या भारतीय उपकंपनीत आपण 26 वर्षे अभियंता होतात आणि निवृत्तीनंतर गावी परतून घरची केळी पाहू लागलात. कर्मचारी शेअर योजनेतून परदेशातील मूळ कंपनीचे शेअर साठत गेले. त्यांचे आजचे मूल्य 31 लाख रुपये आहे, तर घर व शेती वगळून आपली एकूण बचत 52 लाखांची आहे. मूळ कंपनीविरुद्ध दोन देशांत लाचखोरीची चौकशी चालू आहे, शिवाय तिच्या एका जुन्या उत्पादनामुळे आजार जडल्याचे सांगणाऱ्या हजारो लोकांचे खटले उभे आहेत. भाव तिसऱ्या हिश्श्याने उतरला आहे. आपले मेहुणे म्हणतात की मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) कटाईतून येणारे 6 लाखही त्यातच घालावेत, कारण एवढी मोठी कंपनी बुडत नसते. मुलीच्या एम.डी.साठी येत्या दीड वर्षात 12 लाख लागतील, आणि मुलगा त्याच समूहाच्या पुण्यातील कारखान्यात नोकरीला आहे.

माझे मत आधीच सांगतो. केळीचे 6 लाख तिकडे वळवू नयेत, शिक्षणाच्या 12 लाखांइतके शेअर आत्ताच विकावेत, आणि उरलेल्या 19 लाखांचे शेअर वर्षभरात टप्प्याटप्प्याने 6 लाखांच्या आसपास आणावेत.

मेहुण्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. लाचखोरीच्या चौकशीपुरते बोलायचे तर इतिहास बराचसा त्यांच्याच बाजूने आहे. सीमेन्स या जर्मन औद्योगिक कंपनीच्या म्युनिकमधील कार्यालयांवर नोव्हेंबर 2006 मध्ये छापे पडले, पुढच्या वर्षी मुख्य कार्यकारी अधिकारी बदलले आणि डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकी व जर्मन यंत्रणांशी तडजोड झाली. दोन्ही देशांत मिळून दंड आणि वसुलीची रक्कम सुमारे 1.6 अब्ज डॉलर झाली. त्या काळी लाचखोरीच्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी रक्कम होती, पण कंपनीची त्या वर्षाची उलाढाल सुमारे 77 अब्ज युरो होती. दंड भरला गेला, जागतिक बँकेच्या निविदांपासून दोन वर्षे दूर राहण्याचे कंपनीने मान्य केले आणि व्यवसाय चालू राहिला. अशा चौकशीत गुन्हा घडून गेलेला असतो, कागदपत्रे यंत्रणांच्या हाती असतात, समोर मोजकेच पक्ष असतात. त्यामुळे ती कितीही लांबली तरी शेवटी एक आकडा येतो आणि प्रकरण मिटते.

उत्पादनामुळे झालेल्या इजेचे खटले या जातीचे नसतात, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. तिथे फिर्यादी किती हे आज कोणालाच ठाऊक नसते, कारण आजार वीस-तीस वर्षांनीही उघड होऊ शकतो. थ्रीएम या अमेरिकी कंपनीचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे न विघटणारी पीएफएएस रसायने पिण्याच्या पाण्यात उतरल्याबद्दल तिने जून 2023 मध्ये सार्वजनिक पाणीपुरवठा यंत्रणांना किमान 10.3 अब्ज डॉलर अनेक वर्षांच्या हप्त्यांत देण्याचे मान्य केले. दोनच महिन्यांनी, सैनिकांना पुरवलेल्या कानांच्या इअरप्लगमुळे ऐकू येणे कमी झाल्याच्या दाव्यांपोटी आणखी 6 अब्ज डॉलर कबूल केले. त्याआधी इअरप्लग बनवणाऱ्या आपल्या उपकंपनीला दिवाळखोरीत नेऊन ते खटले तिथेच अडवण्याचा प्रयत्न तिने केला होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कंपनी बुडाली नाही, हे खरेच. पण सहा दशकांहून अधिक काळ दरवर्षी लाभांश वाढवणाऱ्या याच कंपनीने 2024 मध्ये आरोग्यसेवा विभाग वेगळा केल्यानंतर तिमाही लाभांश 1.51 डॉलरवरून 70 सेंटवर आणला. लाभांशातून बागेच्या खतांचा खर्च निघतो, असे आपण लिहिले आहे. म्हणून हे मुद्दाम सांगितले. कंपनी टिकते की नाही हा एक प्रश्न झाला आणि तिच्यातून आपल्या घरात येणारा पैसा टिकतो की नाही हा दुसरा. आपल्याला उत्तर हवे आहे ते दुसऱ्याचे.

काळाचा अंदाज बांधता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. भोपाळची वायुगळती डिसेंबर 1984 मधली. युनियन कार्बाइडशी 47 कोटी डॉलरची तडजोड 1989 मध्ये झाली, आणि भरपाई वाढवून मिळावी यासाठी केंद्र सरकारने केलेली अखेरची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली ती मार्च 2023 मध्ये. ज्या माणसांचे आयुष्य त्यात गेले त्यांच्या दुःखाशी आपल्या गुंतवणुकीची तुलना मी करत नाही. न्यायालयीन घड्याळ शिक्षणाच्या हप्त्यांच्या तारखा पाहून चालत नाही, एवढेच दाखवायचे आहे.

कंपनीचा वार्षिक अहवाल आपल्याकडे ई-मेलने येतो. त्यातील ‘कायदेशीर कार्यवाही’ ही टीप शांतपणे वाचावी. पैसे द्यावे लागण्याची शक्यता अधिक असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल, तर कंपनीला त्यासाठी तरतूद करावी लागते. शक्यता त्याहून कमी असेल, किंवा रक्कमच सांगता येत नसेल, तर ती आकस्मिक दायित्व म्हणून फक्त टिपेत नोंदवली जाते. आपण पाठवलेल्या पानांत लाचखोरीच्या चौकशीसाठी तरतूद दिसते. खटल्यांबाबत मात्र ‘रकमेचा अंदाज बांधता येत नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे. ज्या देण्याचा अंदाज खुद्द कंपनीलाच बांधता येत नाही, ते आजच्या भावात पुरते उतरले आहे असे मानून आणखी शेअर घेणे मला धोक्याचे वाटते.

मुलाची नोकरीही हिशेबात धरायला हवी. कंपनीवर मोठा आर्थिक ताण आला तर त्याची पगारवाढ किंवा नोकरी आणि आपले शेअर, दोन्हींवर एकाच वेळी परिणाम होईल. त्यातच केळीचे उत्पन्न वादळावर आणि रोजच्या भावावर अवलंबून, म्हणजे घरात अनिश्चितता आधीच पुरेशी आहे. आणखी एक कळकळीची विनंती. खटल्यांत आतून काय चालले आहे हे मुलाला विचारू नये, आणि त्याने आपणहून सांगितले तरी त्या आधारावर शेअर विकू किंवा घेऊ नयेत. जाहीर न झालेल्या माहितीवर व्यवहार करणे हा भारतात आणि अमेरिकेतही गुन्हा आहे, आणि त्यात मुलाचे अख्खे करिअर पणाला लागेल.

विक्रीचा कर फार जड नाही. परदेशात नोंदलेले शेअर 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवले असतील तर नफ्यावर 12.5 टक्के कर आणि वर उपकर लागतो. योजनेतून शेअर मिळताना ज्या मूल्यावर पगाराचा भाग म्हणून कर कापला गेला, तेच खरेदीमूल्य धरले जाते. तेव्हा जुन्या पगारपत्रकांची फाइल काढून ठेवावी. शेवटच्या काही वर्षांत चढ्या भावाने मिळालेल्या शेअरमध्ये तोटा असेल तर तो जुन्या शेअरच्या नफ्यातून वजा करता येईल. कोणते शेअर आधी विकल्याचे धरायचे, हे सनदी लेखापालांकडून ठरवून घ्यावे. विवरणपत्रातील परकीय मालमत्तेचे परिशिष्ट आजवर भरले नसेल तर तेही याच वेळी त्यांच्यासमोर ठेवावे.

शिक्षणाचे 12 लाख हप्त्यांच्या तारखांआधी मुदत संपेल अशा ठेवींत, तीन वेगवेगळ्या बँकांत ठेवावेत, कारण ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच असते. पतसंस्थेत, अर्धा-एक टक्का जास्त मिळत असला तरी, हा पैसा ठेवू नये. पतसंस्थांच्या ठेवींना तो विमा लागू नाही, आणि अडकलेल्या ठेवींसाठी हेलपाटे घालणारी माणसे आपल्या जिल्ह्याने पाहिली आहेत. पुढच्या विक्रीतून येणाऱ्या 13 लाखांपैकी 8 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालावेत, म्हणजे दर तिमाहीच्या व्याजातून खतांचा खर्च भागेल. उरलेले 5 लाख व्यापक निर्देशांकाच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या, फंडात वर्षभर थोडेथोडे गुंतवावेत. केळीच्या 6 लाखांतून आधी सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडावे, कारण मुदत चुकली की व्याजसवलत हातची जाते.

राहिलेले 6 लाखांचे शेअर मात्र खुशाल ठेवावेत. 26 वर्षे ज्या कारखान्यात घाम गाळला त्याच्याशी नाते राहावे, असे आपण लिहिले आहे, आणि ती भावना मला पूर्ण समजते. फक्त त्या खात्यावर वारसाचे नाव नोंदलेले आहे का, हे या महिन्यातच तपासून घ्यावे. परदेशी दलालाकडील खात्यात ते आपोआप नोंदले जात नाही.