चक्रीवादळानंतर गावांची रोजीरोटी पुन्हा उभी करण्याच्या कामात समन्वय कसा ठेवावा?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "लाभार्थ्यांची यादी तयार आहे, फक्त वाटपाचा आणि इतर संस्थांशी समन्वयाचा आराखडा हवा." किनाऱ्यावरची अकरा गावं, हातात सहा महिने आणि पहिलीच नेमणूक. आराखड्याबद्दल जे ठाऊक आहे ते सांगते, पण आधी त्या यादीबद्दल बोलू द्या. ती पंचनाम्यावरून उतरवली असेल तर ती जमिनीच्या मालकांची यादी आहे. वादळात ज्यांची कमाई बुडाली त्यांची यादी अजून कोणी केलेलीच नाही. हीच चूक मी केली आहे आणि तिचा भुर्दंड दुसऱ्यांना पडला, म्हणून इतक्या ठामपणे लिहिते आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा मी एका संस्थेत काम करत होते. टाळेबंदी चालू होती. आम्हाला श्रीवर्धन तालुक्यातली काही गावं मिळाली, पण पास काढून तिथे पोहोचेपर्यंत जूनचा तिसरा आठवडा उजाडला. वीज नव्हती, त्यामुळे फोन नव्हते आणि पंपही नव्हते. वाड्यांत, म्हणजे घरालगतच्या नारळ-सुपारीच्या बागांत, शिरायला वाट नव्हती. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, माड मुळासकट उपटून घरांवर आणि विहिरींवर कोसळले होते. पोफळीची वाडी भर दुपारीही आत अंधारी असते. एक आजोबा आपल्या विहिरीच्या काठावर उभे राहून मला म्हणाले, "इथून समुद्र दिसतो हे मला सत्तर वर्षांत माहीत नव्हतं." पुढे ते काही बोलले नाहीत.

पंचनामे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करत होते. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, ती माणसं चिखलातून दिवसाला दोन-दोन गावं करत होती. तक्रार हिशेबाची आहे. फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांची मदत राज्य सरकारने हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. ऐकायला चांगली वाटते, पण या पट्ट्यात बाग गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने जेमतेम पाच हजार. ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला, पोफळीला ५० रुपये आणि माडाला २५०. शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतरावर लावलेल्या पोफळी धरल्या तर दहा गुंठ्यांत सुमारे १३७ झाडं बसतात. सगळी गेली तरी रक्कम सात हजारांच्या आत. आणि नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच ते सात वर्षं, भरात यायला त्याहून जास्त.

बरं, ते पैसे तरी कोणाच्या हातात जाणार? सातबारा सामाईक. त्यावर नऊ नावं, दोन वारलेल्यांची, पाच मुंबई-ठाण्यातल्यांची. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात आणि एसटी बंद. जो भाऊ गावात राहून वाडी शिंपतो, तोच कागदांसाठी वणवण करत होता.

पण त्या भावाचं नाव निदान सातबाऱ्यावर आहे. वाडी खंडाने करणाऱ्याचं कुठेच नाही. खंडाचे पैसे त्याने आधीच मोजलेले, आणि भरपाई मालकाच्या खात्यात. झाडावर चढून घड उतरवणारा, पाणी लावणारा गडी, यांचीही नावं कुठे नाहीत. आणि सुपारी वाळली की ती सोलायला बसणाऱ्या बायका. किलोमागे मजुरी, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हेच काम. एका वाडीवर चार-पाच चुली पेटतात, त्यातली एकच कागदावर दिसते.

जुलैत देवळाच्या सभामंडपात आम्ही बैठक घेतली. सतरंजीवर पुरुष, एका कडेला बचत गटाच्या बायका. मी वही घेऊन नाव, क्षेत्र, पडलेली झाडं असे रकाने भरत होते. मागे एक मावशी खांबाला टेकून उभ्या होत्या. मी विचारलं, "तुमची वाडी किती?"

"वाडी नाही."

"मग झाडं किती गेली?"

"माझं झाड नाही गो बाय. पण गावातली सगळीच गेली ना."

मी त्यांच्या नावापुढे रेघ मारली. माझ्या रकान्यांत त्यांना ठेवायला जागाच नव्हती. त्या वेळी ते मला खटकलंसुद्धा नाही, हे आजही मला बोचतं.

यानंतर आमच्या कार्यालयात जो वाद झाला तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मला वाटत होतं की आधी वाड्या साफ करायच्या कामाला मजुरी द्यावी. गावातल्याच लोकांना, रोख, आठवड्याच्या आठवड्याला. पडलेली खोडं कुजली की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या राहिलेल्या माडांचे शेंडे खातो, म्हणजे सफाईला थांबून चालत नाही. शिवाय पोफळीच्या खोडाच्या रिपा, म्हणजे छपराच्या लाकडी पट्ट्या, होतात, माडाचं लाकूड छपराला चालतं, आणि तेव्हा निम्म्या गावाला छप्पर नव्हतं. माझे वरिष्ठ म्हणाले, "रोख वाटली की लोक ऐतखाऊ होतात. देणगीदाराला रोपं दाखवता येतात, मजुरी काय दाखवणार?" मी दोन बैठकांत भांडले आणि तिसऱ्या बैठकीत गप्प बसले. नोकरी नवी होती.

ऑगस्टमध्ये पोफळीची रोपं भरून ट्रक आला. फोटो झाले. रोपं घ्यायला आलेल्या एका काकूंनी विचारलं, "हिला सावली कोण देणार?" पोफळीचं रोप उघड्या उन्हात जगत नाही, त्याला लहानपणी केळीची किंवा माडाची सावली लागते, हे त्या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आधी केळी लावायला हवी होती आणि तिच्या आडोशाला वर्षभराने पोफळ. कुंपणंही वादळात गेलेली, गुरं मोकळी. लोकांनी नाही म्हटलं नाही. फुकट आलेलं कोण परत पाठवतो? आणि नाही म्हटलं तर पुढची मदत येणार नाही ही भीती. मार्चच्या अखेरीला मी फेरी मारली तेव्हा ज्या परसांत मोजली तिथे दहातली सात-आठ रोपं करपलेली होती. वार्षिक अहवालात वाटलेल्या रोपांचा आकडा छापला गेला, जगलेल्यांचा रकानाच नव्हता.

त्याच फेरीत मी त्या मावशींच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, "संक्रांतीनंतर पनवेलला लेकीकडे गेली, तिथे दोन घरची धुणीभांडी धरली आहेत. इथे सोलायला सुपारीच नाही तर बसून काय करील?" ही गोष्ट मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. वाडीवाल्याचं नुकसान ३ जूनला झालं. सोलणारीचं नुकसान झालं नोव्हेंबरात, हंगाम सुरूच झाला नाही तेव्हा. तोपर्यंत बहुतेक संस्था काम आटोपून परतल्या होत्या. तुमचे सहा महिने कोणत्या महिन्यांत पडतात ते आधी बघा.

आता समन्वय. तुम्हाला वाटतं तितका तो अवघड नाही, फक्त रोजचा आहे. तालुक्याला तहसील कार्यालयात एक तक्ता असावा. कोणत्या गावात, कोणत्या वाडीवस्तीवर, कोण, काय, कधी देणार, एवढंच. तो एका माणसाने सांभाळायचा आणि दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी समोर बसून वाचायचा. नुसत्या व्हॉट्सअॅप गटावर भागत नाही. आमच्याकडे रस्त्यालगतच्या एका गावात तीन संस्थांनी शिलाई मशीन वाटली आणि खाडीपलीकडच्या वस्तीवर सप्टेंबरपर्यंत कोणी फिरकलं नव्हतं. उमेद अभियानाचे ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या बचत गटांचे संघ, असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून टेबलाशी बसवा, पैसे मोजायची आणि हिशेब लिहायची सवय त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. सरकारी फळबाग लागवड रोजगार हमीतून होऊ शकते. तिथे संस्थेने रोपं आणून दुसरी चूल मांडू नये. जॉब कार्ड काढून देणं, अर्ज भरणं, संमतीपत्रांसाठी मुंबईतल्या भावकीला फोन लावणं, हे करा. हे काम फोटोत येत नाही, पण आमच्या गावांत सगळ्यात जास्त पैसा त्यातूनच आला.

वेळापत्रक शेतीच्या कामांकडे बघून आखा. जुलैत भाताची लावणी असते, तेव्हा सफाईला माणूस मिळत नाही. कोळीवाड्याचं गणित आणखी वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैत, मासेमारी बंद असते. निसर्ग आलं तेव्हा होड्या वर ओढलेल्या होत्या, म्हणून जीव वाचले. पण पावसाळ्यात विकायला साठवलेली सुकी मासळी भिजून गेली, आणि ती जवळपास सगळी बायकांची. पंचनाम्यात होडी येते, जाळं येतं. सुकटीच्या टोपल्या मी एकाही पंचनाम्यात पाहिल्या नाहीत.

रोख देण्याबद्दल तुमच्या कार्यालयातही तेच वाक्य ऐकायला मिळेल, म्हणून आधीच सांगते. ऐतखाऊ वगैरे कोणी होत नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा मी दुसऱ्या संस्थेत होते. तिथे आम्ही सफाईची मजुरी रोख दिली. लोकांनी त्यातून आधी पत्रे घेतले, मग उधारी फेडली, मग केळीचे मुनवे, म्हणजे लावायचे कोंब, आणले. हा क्रम कोणी शिकवला नव्हता. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला पोफळीचं रोप देणं ही मदत नव्हे, आमच्या वरिष्ठांच्या अहवालाची ती सोय होती. हे मी तेव्हा तिसऱ्या बैठकीतही बोलायला हवं होतं.

काही गोष्टी मात्र माझ्या रागावर सोडू नका. रोख तिथेच चालते जिथे दुकानात माल आहे आणि बँक किंवा पोस्ट चालू आहे. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत आमच्याकडे दोन्ही नव्हतं, तेव्हा धान्य आणि ताडपत्रीच बरोबर होती. मजुरीचा दर आजूबाजूच्या दराहून फार चढा ठेवला तर लावणीला मजूर मिळत नाही आणि गावात भांडणं लागतात. अंगमेहनतीचं काम ठेवलं की म्हातारी आणि आजारी माणसं बाहेर पडतात, त्यांच्यासाठी काम न लावता रक्कम बाजूला काढावी लागते. रोपं वाईटच असंही नाही. सावली आणि पाणी असेल तिथे पोफळीत मिरी, जायफळ, दालचिनी लावणं शहाणपणाचंच, कारण मिरीचं पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून हातात येऊ लागतं आणि पोफळीची वाट बघायला बळ मिळतं. माझा अनुभव एका जिल्ह्याच्या किनाऱ्याचा आहे, तुमच्या अकरा गावांत आंबा-काजू जास्त असेल तर हिशेब बदलेल.

तुमची आत्ताची यादी फाडू नका, सरकारी कामाला ती लागेल. तिच्या शेजारी दुसरी वही करा आणि घरोघर एवढंच विचारा: वादळाआधी वर्षातल्या कोणत्या महिन्यात, कोणत्या कामातून, घरात कोण पैसे आणत होतं? बारा महिन्यांचे बारा रकाने. एका घराला वीस मिनिटं लागतात. बैठक घ्यायची तर संध्याकाळी पाण्याच्या वेळा टाळून घ्या, नाहीतर बायका येत नाहीत.

माझ्या वरिष्ठांचं एक म्हणणं बरोबर होतं, पावत्यांचं. प्रत्येक रुपयाची पावती ते मागत आणि मला ती कटकट वाटे. दुसऱ्या वादळात तीच पावत्यांची सवय कामी आली, कारण तौक्तेच्या वेळी आम्ही प्रत्येक पावतीवर नावापुढे त्या माणसाचा नेहमीचा धंदा लिहून घेतला होता: सोलणे, चढणे, शिंपणे, मासळी सुकवणे. तुम्हीही तो एक रकाना पावतीवर छापून घ्या.