मशीन दुरुस्तीला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंत ते असं: २०१३ चा डेस्कटॉप, चवथीपर्यंत नीट चालला, आता बटण दाबलं की पंखा फिरतो, बीप-बीप होतं आणि स्क्रीन काळी. डिचोलीतला दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. आणि हातात आहेत दहा हजार. हे सगळं शब्द न् शब्द आमच्याकडे होऊन गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

वायर सैल आहे का, मॉनिटर चालू आहे का, हे तुम्ही बघितलंच असेल. तर पहिली गोष्ट, बीप येतंय ही चांगली खूण. बोर्ड पूर्ण मेला असता तर बीप द्यायलाही तो उरला नसता. पावसाळ्यानंतर अशी तक्रार आली की माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर. मेन स्विच बंद करून, केबल काढून, कॅबिनेटची बाजू उघडा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून रॅमची पट्टी बाहेर घ्या आणि उजेडात धरा. खालच्या सोनेरी दातांवर काळपट साय धरलेली दिसली तर पोराचा पांढरा खोडरबर घ्या, हलक्या हाताने घासा, चुरा झटका, ब्रशने खाचेतली धूळ काढा आणि पट्टी ‘खट्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. खर्च शून्य. आपल्याकडच्या दमट हवेत हे दर पावसाळ्यात होऊ शकतं, त्यात वरून प्लास्टिकचं कव्हर घातलेलं असलं तर विचारूच नका. कव्हर काढून टाका, आणि पावसात रोज तासभर तरी मशीन चालू ठेवा. तेवढ्या उबेने आतली ओल निघते.

याने नाही झालं तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलून बघायचा. ओळखीच्या मेकॅनिककडे चालू एसएमपीएस असतोच, तो पाच मिनिटांत लावून दाखवतो. तो डबा मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात. (मी इंजिनीअर नाही, घरची आणि शेजाऱ्यांची मशीनं उघडून शिकलोय. त्या हिशेबाने वाचा.)

आता मुख्य मुद्दा. दुकानात न्यायचंच असेल तर आधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. चार स्क्रू, दोन केबली, झालं. बीप कशामुळे येतं हे शोधायला डिस्क लागत नाही.

हे इतकं ठासून का सांगतो? आमचं मशीन मी एका सर्व्हिस सेंटरला दिलं होतं. नाव घेत नाही, तालुकाही सांगत नाही. काउंटरवर न उघडताच ‘बोर्ड डेड’ म्हणून शेरा. कशावरून, विचारलं तर ‘सिस्टीमवर तसंच दाखवतंय’. खर्चाचा आकडा असा की त्यात बरं जुनं मशीन आलं असतं. नको म्हटलं, परत द्या म्हटलं, तर इंजिनीअर बाहेर, चावी त्याच्याकडे, उद्या या. अख्खा श्रावण असाच गेला. शेवटी मशीन मिळालं ते चालू होऊन! बोर्ड तोच, रॅमचे दात मात्र घासून लख्ख. आणि न विचारता डिस्क फॉरमॅट मारून वर कुठलंतरी चोरीचं विंडोज टाकलेलं. का, तर ‘सर्व्हिसमध्ये क्लीन करूनच देतो’.

त्या डिस्कवर बाबांनी टाईप केलेल्या आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहिता होत्या. पदांसकट, कोण कुठल्या विंगेतून येणार त्या नोंदींसकट. जॉबशीट (मशीन देताना मिळालेला दुरुस्तीचा कागद) पुढे केली तर तळाच्या बारीक ओळीवर बोट: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. नुसतं फॉरमॅट असतं तर बरंच काही परत मिळालं असतं, पण वरून विंडोज टाकलं की ते जिथे बसतं तिथलं जुनं पुसलं जातं. रिकव्हरीवाल्याने जे काढलं त्यातही गंमत. बाबांचा फॉन्ट युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीचा, त्या फाइली फॉन्टशिवाय उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या खराब आहेत समजून त्याने अर्ध्या टाकूनच दिल्या. एका नाटकाचा दुसरा अंक भर संवादात तुटतो. पुढचं आता बाबांनाही आठवत नाही.

असो. तुमच्याकडे जुन्या फॉन्टचं काही असेल तर फॉन्टची फाइलही सोबत कॉपी करून ठेवा. साटा (डिस्कची जोडणी)-टू-यूएसबी केबल मिळते, काढलेली डिस्क तिने लॅपटॉपला लागते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला मात्र वेगळ्या पॉवर अडॅप्टरवालीच केबल घ्या. आणि जॉबशीटवर स्वतःच्या अक्षरात ‘डिस्क दिलेली नाही’ असं लिहून सही घ्या. कुणी फसवलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण २ वर्षांच्या आत जावं लागतं. मी वकील नाही, पण कागद नसेल तर तिथेही कोणी काही करू शकत नाही एवढं कळलंय.

दहा हजारांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, पटलं तर घ्या. मशीन सुरू झालं तर एक साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाका, रॅम ८ जीबी करा आणि उरलेले पैसे बँकेत राहू द्या. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागलेत, पण तुमच्या मशीनला बहुधा डीडीआर-३ ही जुन्या प्रकारची रॅम लागेल आणि ती जुनी काढलेली चालते. बोर्डावर काय छापलंय ते वाचूनच विकत घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१३ च्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेल असेल तर ११ ला साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. जुगाड करून ११ टाकून देतो म्हणणारे भेटतील, बँकेचे व्यवहार असतील तर मी तरी नाही करणार. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका. ४ जीबीतही चालतं, मराठी टायपिंग होतं, पोराचा अभ्यास आणि यूट्यूब दोन्ही भागतं. टॅली किंवा सरकारी डिजिटल सहीचं काम असेल तर मात्र आधी विचारा, तिथे अडतं.

बोर्ड खरंच गेला असेल तर त्यावर एक रुपया घालू नका. कंपन्यांतून निघालेले आठव्या पिढीचे आय-५ डेस्कटॉप बघा. मॉनिटर, कीबोर्ड तुमचेच वापरा. समोर चालू करून, लेखी वॉरंटी घेऊनच पैसे द्या. भाव ऐकून तिथल्या तिथे होकार देऊ नका, म्हापसा, पणजी, फोंडा सगळीकडे विचारा. पूर्वी अकरावीच्या पोरांना गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून घरी पीसी यायचा. ते डबे कुणी देऊ केले तर मॉनिटर-स्टँड म्हणून घ्या, त्याहून जास्त काही नको.

अजून एक, कॅबिनेटच्या लोखंडाला बोट लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग रॅम बदला, एसएमपीएस बदला, पुन्हा तेच. एप्रिल-मेमध्ये त्यात दोन बादल्या पाणी ओतत जा. गडगडायला लागलं की प्लगबरोबर नेटची केबलही काढा.

खोडरबर मारून बघा आणि बीप छोटे की लांब, किती येऊन थांबतात, ते कळवा. बोर्डाच्या कंपनीप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो, म्हणून तेही नाव सोबत लिहा.