भाषेच्या शंका : 'मस्ट'चे दर वेळी 'हॅड टू' होत नाही

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. परीक्षेत 'ही सेड टू मी, यू मस्ट बी टायर्ड' हे वाक्य इनडायरेक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत सांगताना होते तसे, लिहायचे होते. तिने 'ही टोल्ड मी दॅट आय मस्ट बी टायर्ड' असे लिहिले आणि तिचे गुण कापले गेले, कारण नमुना उत्तरात 'आय हॅड टू बी टायर्ड' असे होते. खजुरी बाजारातून आणलेल्या दोन्ही गाइडांत 'मस्ट'पुढे 'हॅड टू' एवढेच छापलेले आहे. आमच्या घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि इंग्रजी फक्त शाळेपुरती, त्यामुळे खात्रीने सांगणारे जवळ कोणी नाही. मुलीचे चुकले का?
— एक पालक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आपल्या मुलीचे उत्तर बरोबर आहे. नमुना उत्तर लिहिणाऱ्याने गाइडातला बदलांचा तक्ता पाहिला, वाक्याचा अर्थ पाहिला नाही. 'आय हॅड टू बी टायर्ड' वाचल्यावर 'मला दमणे भाग होते' असा काहीतरी अर्थ मनात येतो, आणि मूळ बोलणाऱ्याला तो मुळीच अभिप्रेत नव्हता. तो समोरच्या माणसाचा चेहरा पाहून 'तू दमली असशील' एवढेच म्हणत होता. अनुमानाच्या अर्थी 'हॅड टू बी' इंग्रजीत कधीमधी ऐकू येते हे खरे, पण म्हणून तिथे 'मस्ट' ठेवणे चूक ठरत नाही. उलट अनुमान असेल तेव्हा 'मस्ट' तसेच ठेवणे हीच नेहमीची रीत आहे.

'मस्ट' या एका शब्दात इंग्रजीने दोन निराळे अर्थ ठेवले आहेत, एक सक्तीचा आणि दुसरा अनुमानाचा. गंमत अशी की आपल्या 'पाहिजे'मध्येही हे दोन्ही अर्थ आहेत, पण मराठी वाक्याची घडणच त्यांना वेगळे करते. 'त्याने घरी असले पाहिजे' म्हटले की ती सक्ती होते, आणि 'तो घरी असला पाहिजे' म्हटले की तो तर्क होतो. पहिल्या वाक्यात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी राहते. दुसऱ्यात कर्त्याला प्रत्यय नसतो आणि क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. मराठी घरात वाढलेल्या मुलीला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. म्हणून माझे सांगणे असे, की 'मस्ट' असलेले वाक्य समोर आले की ते आधी मनात मराठीत म्हणून पाहावे. 'तू दमले पाहिजे' असे कोणी कोणाला बजावत नाही, हे कानाला लगेच कळते, आणि इथे 'हॅड टू' नको हेही त्याबरोबर कळते. गेलेल्या गोष्टीविषयीचे अनुमान, म्हणजे 'ही मस्ट हॅव मिस्ड द बस', हेही जसेच्या तसे राहते.

सक्तीचा 'मस्ट' असेल तेव्हा 'हॅड टू' करता येते, पण तिथेही ते बंधनकारक नाही. 'आई म्हणाली, तुला आत्ता निघालेच पाहिजे' याचे इंग्रजी 'शी सेड आय मस्ट लीव्ह अॅट वन्स' असेही होते आणि 'शी सेड आय हॅड टू लीव्ह अॅट वन्स' असेही होते. सक्ती पुढच्या काळातली असेल, जसे 'पुढच्या वर्षी तुला वसतिगृहात राहावे लागेल', तर 'वुड हॅव टू' अधिक नेमके बसते. आणि सांगितलेली गोष्ट एखादा कायमचा नियम असेल, उदाहरणार्थ लाल दिव्याला वाहन थांबले पाहिजे, तर 'मस्ट' ठेवलेलेच बरे, कारण तो नियम काल होता तसा आजही आहे.

नकाराच्या बाबतीत मात्र फार जपावे लागते, आणि माझ्या मते गाइडांचे खरे नुकसान इथेच होते. 'यू मस्ट नॉट गो' याचे 'आय डिड नॉट हॅव टू गो' केले तर अर्थ पार उलटतो. पहिल्याचा अर्थ 'तू जाता कामा नये', दुसऱ्याचा अर्थ 'मला जायची गरज नव्हती'. बंदीची जागा मोकळीक घेते. इथेही मराठीची कसोटी उपयोगी पडते: मूळ वाक्यात 'कामा नये' असेल तर इंग्रजीत 'मस्ट नॉट' तसेच ठेवावे किंवा 'वॉज नॉट टू' लिहावे, आणि 'गरज नाही' असेल, म्हणजे मूळ शब्द 'नीड नॉट' असेल, तरच 'डिड नॉट हॅव टू'कडे वळावे.

आता हा गोंधळ 'मस्ट'च्याच वाट्याला का आला, हे मुलीला सांगण्यासारखे आहे. 'वुड', 'कुड', 'शुड', 'माइट' ही मुळात 'विल', 'कॅन', 'शॅल', 'मे' यांची भूतकाळी रूपे होती, म्हणून 'ही सेड'नंतर काळ एक पायरी मागे नेताना ती आपोआप हाताशी येतात. 'मस्ट' हे स्वतःच एक जुने भूतकाळी रूप आहे. जुन्या इंग्रजीत 'मोटान' असे क्रियापद होते आणि 'मोस्टे' हे त्याचे भूतकाळी रूप; पुढे मूळ क्रियापद मागे पडले आणि भूतकाळी रूपच वर्तमानाचे काम करू लागले. जो शब्द आधीच मागे सरकलेला आहे त्याला आणखी मागे न्यायला जागा उरत नाही, आणि 'हॅड टू' हे त्या रिकाम्या जागेवर बाहेरून आणून बसवलेले आहे. 'कुड' लिहिताना आपण जे न उच्चारले जाणारे 'एल' अक्षर लिहितो, तेही त्या शब्दात मुळात नव्हते. 'वुड' आणि 'शुड' यांच्या संगतीने ते पुढे शिरले.

शिवाय आपल्या मुलांना घोकंपट्टी करावी लागते याला एक साधे कारण आहे. मराठीत आपण 'बाबा म्हणाले की मी शनिवारी येईन' असे बाबांचे शब्द जवळजवळ तसेच ठेवतो, आणि हिंदीतही 'कि'नंतर काळ मागे जात नाही. इंदुरातल्या मुलाच्या दोन्ही भाषांत ही सवय नसल्यामुळे इंग्रजीतला बदल त्याला निव्वळ कवायतीसारखा वाटतो. शिक्षकांनी हा फरक आधी बोलून दाखवला, तर तक्ता पाठ करण्याचे बरेचसे कष्ट वाचतील असे मला मनापासून वाटते. गुणांविषयी म्हणाल तर आपण शाळेत जाऊन शांतपणे हे मांडावे. ते आपल्या मुलीच्या हक्काचे आहे.

प्रश्न : मी पीथमपूरच्या एका कारखान्यात काम करतो आणि बैठकांचे इतिवृत्त इंग्रजीत लिहितो. 'काम शुक्रवारपर्यंत पूर्ण होईल असे विभागप्रमुखांनी सांगितले' हे लिहिताना मी 'वुड बी कम्प्लीटेड' लिहितो. आमचे वरिष्ठ म्हणतात की 'वुड'मुळे आश्वासन सैल होते, 'विल' लिहा. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आपले बरोबर आहे, आणि वरिष्ठांचे 'विल'ही चूक नाही, चूक आहे ते त्यांनी दिलेले कारण. 'वुड'चा एक उपयोग शंका किंवा नम्रता दाखवण्याचा आहे, आणि आपल्याकडे अर्जांत व पत्रांत तोच जास्त दिसत असल्यामुळे 'वुड' म्हटले की पातळ आश्वासन असे समीकरण झाले आहे. परंतु 'ही सेड'नंतर येणारा 'वुड' फक्त एवढेच सांगतो, की हे बोलणे त्या दिवशीचे आहे. आश्वासन जेवढे पक्के होते तेवढेच ते राहते.

निवड करायची झाली तर वाचणारा ते केव्हा वाचणार आहे, याचा विचार करावा. शुक्रवार अजून यायचा असेल आणि आपण त्याच दिवशी ईमेल पाठवत असाल, तर 'विल' अगदी चालते, कारण ती गोष्ट अजून पुढेच आहे. इतिवृत्त मात्र फाइलमध्ये राहते आणि तीन महिन्यांनीही उघडले जाते. तेव्हा 'विल' वाचणाऱ्याला कोणता शुक्रवार ते क्षणभर कळत नाही. इतिवृत्तात 'वुड' ठेवावे, पण 'शुक्रवार' एवढेच न लिहिता पुढे तारीख घालावी, म्हणजे वरिष्ठांची खरी काळजीही मिटेल. मुख्य क्रियापद वर्तमानकाळी असेल, म्हणजे 'ही सेज' असेल, तर 'विल'ला हात लावायचे कारणच नाही.

प्रश्न : काळ एक पायरी मागे न्यायचा असेल, तर मूळ वाक्यातल्या 'वुड'चे 'वुड हॅव' करावे का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : करू नये. 'वुड', 'कुड', 'माइट', 'शुड' ही रूपे आधीच मागची असल्यामुळे सहसा तिथेच थांबतात. 'आय वुड हेल्प यू इफ आय हॅड टाइम' याचे 'ही सेड ही वुड हेल्प मी इफ ही हॅड टाइम' एवढेच होते. 'वुड हॅव हेल्प्ड' लिहिलेत तर 'मदत केली असती, पण केली नाही' असा नवाच निरोप पोहोचतो. 'शॅल आय ओपन द विंडो' अशी विचारणा असेल, तर 'शॅल'चे 'वुड' न करता 'ही आस्क्ड इफ ही शुड ओपन द विंडो' असे लिहावे, कारण तो 'खिडकी उघडू का' असे विचारतो आहे, 'उघडेन का' असे नव्हे.