टर्बो खरोखरच निकामी झाला आहे, हे बदलण्यापूर्वी कसे तपासावे?

चढावर गाडी ओढत नाही, वेग घेताना काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येतो, आणि मेकॅनिकने काहीही न उघडता टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) बदलायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. डिझेल इंजिनांचे काम करणारा माणूस म्हणून माझे मत असे की, टर्बो हा तपासणीतला शेवटचा भाग असावा, पहिला नव्हे.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडणे, आणि त्याच्या जोडीला शिट्टी असेल तर माझा पहिला संशय टर्बोपासून इंटरकूलरमार्गे (दाबलेली हवा थंड करणारा भाग) इंजिनापर्यंत जाणाऱ्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर जातो. होजची चीर बहुधा दाब आल्यावरच उघडते, त्यामुळे उभ्या गाडीत ती दिसत नाही. मात्र क्लॅम्पजवळ किंवा होजच्या खालच्या बाजूला तेलकट काळा डाग सापडतो. हवेचा मार्ग बंद करून त्यात एक बारपेक्षा कमी दाबाची हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, म्हणजे गळती बुडबुड्यांनी कळते. एअर फिल्टर तुंबलेला नाही आणि ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलेला नाही, हेही पाहून घ्यावे.

स्कॅनरवर पी०२९९ हा दोषाचा कोड आला, तर त्याचा अर्थ अपेक्षेपेक्षा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी मिळतो एवढाच असतो. टर्बो बिघडला असे तो सांगत नाही. आपल्या टर्बोला हवेचा दाब कमी-जास्त करणारा, व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर असेल, तर हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा: त्याचा दांडा न अडखळता सरकला पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. व्हॅक्यूम टिकत नसेल तर अ‍ॅक्च्युएटरचा पडदा फाटलेला असतो. दांडा अडखळत असेल तर टर्बोच्या आतील हलत्या पात्यांवर काजळी बसलेली असण्याची शक्यता अधिक, आणि ती अनेकदा साफ करता येते.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तरच थंड आणि बंद इंजिनावर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढावा. शाफ्ट (पात्यांचा आस) बाजूला किंचित हलतो हे पाहून पुष्कळजण टर्बो बाद ठरवतात. परंतु बहुतेक टर्बोंचे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगणारे असते आणि इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो, म्हणून एवढे हलणे स्वाभाविक आहे. शाफ्ट पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, पाती तुटलेली असतील किंवा त्यांच्या घासण्याच्या खुणा आतल्या भिंतीवर असतील, तर मात्र टर्बो गेला असे समजावे.

पाइपमध्ये तेलाचा पातळ थर असणे नेहमीचेच आहे. निळसर धूर येत असेल, तरी तेल परत नेणारी नळी किंवा इंजिनाचा ब्रीदर (आत साचणारे वायू बाहेर सोडणारा मार्ग) तुंबल्यामुळे धडधाकट टर्बोमधूनही तेल बाहेर ढकलले जाते, हे लक्षात ठेवावे. इंटरकूलरमध्ये तेल साचलेले आढळले, तर गाडी चालवू नये. इंजिन स्वतःचेच तेल जाळू लागले की चावी बंद करूनही ते थांबत नाही.

टर्बो बदलावाच लागला, तर तो का गेला हे आधी शोधावे. तेलाची पुरवठा नळी कार्बनने अरुंद झालेली असेल, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल. ती नळी बदलावी, तेल आणि फिल्टर नवे घालावेत, तुटलेल्या पात्यांचे तुकडे इंटरकूलरमधून काढावेत आणि सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या तेलाच्या छिद्रात स्वच्छ तेल भरावे.