अर्धा एकर मागायचा, पण कुठला?

प्रश्न : ताई, आमची पावणेचार एकर कोरडवाहू जमीन, सगळी सोयाबीनला जाते. थोरली लेक तेरा वर्षांची. शाळेतल्या तपासणीत तिचं रक्त ९ भरलं. शेजारच्या गावच्या बाया एक एकर स्वतः करतात, घरापुरतं धान्य-भाजी पिकवतात, असं ऐकलं. मीही मालकांना अर्धा एकर मागणार आहे. सासूबाई म्हणतात, "वीस रुपयाला भाजी मिळते, तिच्यापायी सोयाबीन मोडायचं का?" सुरुवात कशी करू?
– एक वाचक भगिनी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : आधी लेकीचं बोलू, शेताचं मागून. ९ म्हणजे कमीच, आणि ते मेथीच्या जुडीनं भरून निघत नसतं. तिला आरोग्य केंद्रात दाखव. लोहाच्या गोळ्या किती अन् किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. जंताच्या गोळीचंही विचार. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात, ती पोटात जाते का दप्तरात, हे एकदा बघून घे. (माझ्या पुतणीच्या कंपासपेटीत सात सापडल्या होत्या.) आणि जेवणासोबतचा चहा बंद. सकाळी चहात भाकरी चुरून खायची आपली सवय, पण भाकरीतलं लोह अंगी लागू द्यायला चहाच आडवा येतो. वरणावर लिंबू पिळत जा. याला जमीन लागत नाही.

आता जमीन. तू ऐकलंस ते खरं आहे. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात कामाला लागलेल्या प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं हे एक एकराचं काम धाराशिव-लातूरकडं उभं केलं. घरच्या रानातला अर्धा-एक एकर बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात डाळी, ज्वारी, भाजीपाला घ्यायचा, घरच्या खतावर, कमी पाण्यात. २०१७ ला त्याला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला विचारशील तर त्यात नवं एवढंच, की काय पेरायचं ते बाई ठरवते. इरवड, म्हणजे मुख्य पिकाच्या मधल्या तासांत डाळी-साळी पेरणं, तर आपल्या आज्याही घालत होत्या.

पण मागताना माझ्यासारखी फसू नकोस. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या २०१६ साली मी मालकांकडं अर्धा एकर मागितला. ते लगेच हो म्हणाले. मी हरखले. जाऊन बघते तर टेकाडावरचा मुरमाड तुकडा, घरापासून सव्वा कोस, जिथं आमची शेळीसुद्धा थांबत नाही! त्यात मी शहाणीनं मेथी, कोथिंबीर, पालक सगळं एकाच दिवशी टाकलं. पाऊस त्या साली चांगला झाला, म्हणून उगवलं बरं. पण आलं तेही एकदमच. आठ दिवस गल्लीभर जुड्या वाटत फिरले आणि पुढं महिनाभर आमच्याच ताटात बटाटा.

म्हणून तू घराजवळचा तुकडा माग, मोरीचं पाणी वळवता येईल असा. अर्धा एकर देत नसतील तर पाच गुंठे घे, पण जवळचे घे. पालेभाजीचे वाफे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं टाक. मृगाचा पाऊस पडून चांगली ओल झाली की ज्वारीत तुरीचे तास धर, थोडा मूग नि चवळी घाल. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघून हाताला येतो. कडेनं अंबाडी, बांधावर शेवगा. गुरांनाही कडबा होतो, हे मालकांच्या कानावर घालायला विसरू नकोस.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, बी माग. माझ्या सासूबाई वर्षभर माझ्या तुकड्याकडं फिरकल्या नव्हत्या. एकदा अंबाडीचं बी विचारलं तर उतरंडीतलं गाडगं काढून दिलं, राखेत कालवलेलं, आणि "अशी दाट टाकतात का गं, माय?" म्हणत स्वतःच वाफ्यात उतरल्या. त्यानंतर तो तुकडा त्यांचाच झाला, मी आपली हाताखाली.

वीस रुपयांचा हिशेब मात्र मांड. एक वही कर नि त्यात फक्त 'आज काय विकत आणलं नाही' ते लिही. आमच्या मालकांनी दिवाळीला ती वही चाळली, काही बोलले नाहीत, पण पुढच्या साली विहिरीजवळचे दहा गुंठे आपणहून दिले.

एक चूक बऱ्याच जणी करतात, मीही केली. चार पैसे दिसले की शेवगा, चवळी सगळं आठवडी बाजारात जातं आणि लेकरांना पुन्हा बटाटाच. मोझांबिकमध्ये 'अ' जीवनसत्त्वाचं नारिंगी रताळं शेतकऱ्यांना दिलं, तेव्हा नुसते वेल वाटून थांबले नाहीत, लेकरांना ते कसं खाऊ घालायचं तेही आयांना शिकवलं. त्या रताळ्यावर काम करणाऱ्या तिघांना २०१६ ला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तुझ्या तुकड्यातलं आधी लेकीच्या ताटात पडू दे, मग टोपली भर.

आणि सातबारा? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक देऊन बायकांच्या नावावर जमीन करायला लावली, त्याला तीस वर्षं उलटून गेली. तुझं नाव लागलंय का, ते विचारून ठेव. भांडू नकोस, नुसतं विचार.

प्रश्न : 'परभणी शक्ती' ज्वारी पौष्टिक म्हणतात. यंदा पेरावी का?
– एक शेतकरी, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : पेरा की, पण सगळ्या रानात नको. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेसोबत २०१८ ला आणलेला हा वाण, लोह नि जस्त जास्त असलेला. हायब्रीड नाही, तेव्हा बी घरचं धरता येतं. मात्र ही खरिपाची ज्वारी. कणसात दाणा भरल्यावर पाऊस लागला की काळी पडते, तेव्हा काढणीला दोन दिवसही उशीर करू नका. पाखरं राखायला माणूस लागेल. भाकरीची चव? आमच्या घरात दोन तट आहेत. मालकांना अजून मालदांडीच लागते, नातवंडं काहीही खातात.