वाचकांचे प्रश्न: शब्दच कळत नाहीत, मग नाचातली गोष्ट कळायची कशी?

प्रश्न: ताई, नातीच्या क्लासच्या कार्यक्रमाला गेलो होतो. एका मुलीने 'कृष्णा नी बेगने बारो'वर भरतनाट्यम केलं. गाणाऱ्या बाई तीच ती ओळ घोळवत होत्या आणि मुलगी दर वेळी काहीतरी वेगळंच करत होती, घटकेत आई, घटकेत बाळ. कानडी येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यावरून गेलं. हे बघायचं कसं? – एक आजोबा, नाशिक

उत्तर: आजोबा, कानडीला उगाच दोष देऊ नका, ओळीचा अर्थ फक्त 'कृष्णा, लवकर ये' एवढाच आहे. पद व्यासतीर्थांचं, विजयनगरच्या काळातलं. एकदा अर्थ कळला की गाणारी ती ओळ नुसती धरून ठेवते आणि नाचणारी तिच्यात आपल्या मनाने भर घालत जाते, याला संचारी म्हणतात. म्हणजे बघा, आधी साधी हाक, मग लोण्याचा गोळा दाखवून लालूच, मग खोटा खोटा राग, मग पाठ फिरवून 'जा, बोलणारच नाही तुझ्याशी', आणि लगेच हळूच मागे वळून पोरगं येतंय का ते बघणं, हे सगळं त्या एकाच ओळीवर.

आता आई कोण आणि बाळ कोण. कपडे तेच, माणूस एकच, म्हणून तिच्या नजरेकडे बघा. यशोदा असेल तर नजर खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मग खांदा वळतो, अंग जरा लहान होतं आणि नजर विरुद्ध बाजूने वर जाते, झाला कृष्ण. चांगली नाचणारी असेल तर तो न दिसणारा मुलगा आपल्यालाही नेमका तिथेच दिसायला लागतो. कच्ची असेल तर कृष्णाची उंची दर मिनिटाला बदलते (एकदा हे लक्षात आलं की हसू आवरत नाही). शेवटच्या कडव्यात आईला तोंडात जग दाखवल्याचा उल्लेख येतो. गोष्ट आपल्याला पाठ आहे, माती खाल्ली म्हणून यशोदा हनुवटी धरते, रागाने आ करायला लावते, आत डोकावते. तिथे हात काय करतायत ते सोडून द्या, चेहऱ्यावरचा राग कुठे आणि कसा विरतो तेवढं बघा.

थोर भरतनाट्यम नर्तकी बालसरस्वती यांनी नाचलेलं हे पद जमलं तर जरूर बघा. सत्यजित राय यांनी 1976 साली त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात त्या समुद्राकाठी वाऱ्यात हे पद करतात, साठीच्या जवळ आलेली बाई आणि डोळ्यांत निव्वळ यशोदा. आणि हो, पद सुरू व्हायच्या आधी माईकवरून अख्खी गोष्ट सांगून टाकायची हल्ली पद्धत पडलीय ती मला अजिबात आवडत नाही, एका वाक्यात अर्थ सांगा की, पुढचं तिला सांगू द्या.

प्रश्न: मुलीच्या गुरूंनी 'सुंदर ते ध्यान' बसवलंय. सासूबाई म्हणतात, मराठीत कसलं आलंय भरतनाट्यम! – एक आई, ठाणे

उत्तर: सासूबाईंना तंजावरची आठवण करून द्या. तिथे भोसल्यांचं राज्य होतं. दुसरे सरफोजी राजे (1798 ते 1832) यांनी नाचासाठी मराठीत निरूपणं लिहिली आणि अलारिप्पूने सुरू होऊन तिल्लानाने संपणारा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आजचा क्रम ज्यांनी लावला ते चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, त्यांच्याच दरबारात होते. पुढे मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी ती निरूपणं अभ्यासून रंगमंचावर आणली, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात हिंदुस्तानी संगीतावर भरतनाट्यम उभं केलं. म्हणजे मराठी इथे पाहुणी नाही, घरचीच आहे.

अवघड भाग वेगळाच आहे. या अभंगात देव काहीच करत नाही हो! कमरेवर हात ठेवून उभा, बस. मग नाचायचं काय? इथे कीर्तनकाराची युक्ती कामाला येते, एक शब्द धरायचा आणि आख्यान उघडायचं. 'विटेवरी' शब्द आला की पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपतोय, दारात देव आलाय, हा मान वर न करता वीट मागे सरकवतो, आणि देव त्या विटेवर चढून उभा राहतो तो राहतोच. वीट सरकवताना पाय चेपणारा दुसरा हात थांबला तर गोष्ट फसली, हे मुलीला सांगून ठेवा.

प्रश्न: भाची दोन वर्षं नुसते अडवूच (पावलं-हातांच्या मूळ हालचाली) करतेय, गोष्टीबिष्टी कधी? – एक मावशी, पणजी

उत्तर: थोडा धीर धरा. अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) पाय थरथरत असले की सगळं लक्ष मांड्यांत अडकतं, चेहऱ्यासाठी उरतच नाही. तोवर घरी तिला न बोलता सांगायला लावा, आजी सुईत दोरा ओवतेय पण जात नाहीये. नुसते डोळे, बोटं आणि वैताग. जमलं की मला कळवा.